सात नंबरची बाटली

खरं सांगायचं तर मला जोस्नाचं काहीच बघवत नाही. तिचा गोठा बघवत नाही, तिचं स्कूटीवर बसणं बघवत नाही, आणि ती आली की लोक खुर्ची पुढं सरकवतात ते तर मुळीच बघवत नाही. पाळण्यातलं नाव ज्योत्स्ना, पण आमच्या वाडीत एवढी कसरत कोण करणार, म्हणून सगळ्यांसाठी जोस्ना. ती माझी धाकटी जाऊ. आमचं अंगण एक, दारं दोन. धाकटे दीर, दीपक, सातपूरला कंपनीत असतात. तिकडंच खोली घेतलीय, सुट्टीला येतात. त्यांच्या मागं हिनं आठ काळ्या-पांढऱ्या होस्टन गायी उभ्या केल्या, एकटीनं. मशीननं धारा काढते, खाली रबरी चटया, वर पंखे. निफाडपासून आठ किलोमीटर आत आमची वाडी, पण लोक तिचा गोठा बघायला येतात. येताना माझ्या दारावरून जातात. मी तिथं भांडी घासत असते.

माझ्याकडं एकच गाय. डांगी, माहेरची. भावानं घोटीच्या बाजारातून घेऊन दिलेली. दूध कमी, पण घट्ट आणि पिवळसर, बोट बुडवलं तर बोटाला धरतं. मी ते केंद्रात घालत नाही, घरापुरतंच असतं. जोस्नाच्या गायींचं म्हणजे पांढरं पाणी, असं मी सगळ्यांना सांगत आले. लोक हो म्हणायचे आणि तिचा गोठा बघायला जायचे.

मागच्या साली माझी गाय सातव्या महिन्यात गाभडली. मेलेलं वासरू, वार, सगळं मी ह्या हातांनी काढलं, आणि वार गोणीत बांधून बांधावरच्या वडाला टांगली, म्हणजे गाय दुधाला वाढते, असं आमच्याकडं धरतात. गाय का गाभडली ते मला त्याच दिवशी कळलं होतं. आदल्या आठवड्यात जोस्ना तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली होती, "आक्का, किती छान दिसायला लागली ही." नजर लागली, दुसरं काय. तेव्हापासून मी तिला गायीजवळ फिरकू दिलं नाही. यंदा गाय नीट व्यायली, कालवड झाली, दूध सुरू झालं, आणि माझं म्हणणं खरं ठरलं असं मी धरून चालले.

त्याच सुमाराला माझी सायली बाळंतपणाला आली. तिला कळवणला दिलीय. पहिली खेप, सातवा महिना. ओटी भरून आणली आणि मी ठरवलं, पोरीच्या अंगाला असं लावून पाठवायचं की सासरचे बघत राहतील. रोज सकाळी धार काढली की पेला भरून तिच्या हातात. धारोष्ण, फेसासकट. ती म्हणायची, "आई, उकळून दे ना." मी म्हणायचे, "उकळलं की त्यातला जीव जातो. मी तुला असंच पाजून वाढवलंय." मग ती नाक धरून प्यायची. महिनाभर प्यायली. मीही प्यायचे, पण मला बापडीला दोन महिन्यांपासून संध्याकाळी कसकस यायची, गुडघे धरायचे. वय झालं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

अशात एक दिवस दूधकेंद्रात निकिता मॅडम आल्या. जनावरांच्या डॉक्टर, पण औषधं द्यायला आल्या नव्हत्या, संशोधन करायला आल्या होत्या. तरुण पोरगी, डोक्याला कॅप, पायात बूट. केंद्राचा सचिव सहादू सगळ्यांना गोळा करून बसला. मॅडमनी सांगितलं की गावातल्या दुधाची तपासणी करायची आहे. केंद्राच्या वहीतल्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, दहा काढल्या. सातवी चिठ्ठी जोस्नाची. माझं नाव वहीतच नाही, मग चिठ्ठी कुठून येणार. जोस्ना पुढच्या खुर्चीत बसली होती आणि मॅडम तिला विचारत होत्या की गोठ्याचा फोटो काढला तर चालेल का. माझं सगळं लक्ष त्या खुर्चीकडं. तपासणी कशासाठी, दुधातून काय शोधायचंय, ते मॅडम चांगलं अर्धा तास बोलल्या. मला त्यातला एक शब्द सांगता यायचा नाही.

माझ्या डोक्यात एवढंच बसलं की दहा घरांची बाटली जाणार आणि कुणाचं दूध चांगलं ते ठरणार. म्हणजे जोस्नाचं ठरणार. म्हणजे परत फोटो, परत खुर्ची.

बाटल्या आदल्या दिवशीच वाटल्या. छोट्या, प्लास्टिकच्या, वर नंबर चिकटवलेला. सकाळच्या धारेचं सगळ्या गायींचं मिसळून दूध भरायचं आणि सात वाजता केंद्रात पोचवायचं, मॅडम बर्फाचा डबा घेऊन थांबणार. त्या सकाळी जोस्नाची एक गाय खुरानं लंगडत होती. तिनं बाटली भरून ओट्यावर बादलीतल्या गार पाण्यात ठेवली आणि मला हाक मारली.

"आक्का, तुम्ही दळणाला केंद्राकडंच चाललाय ना? माझी बाटली नेता का तेवढी?"

मी म्हटलं, "दे की. त्यात काय."

सांगते ते अगदी खरं आहे, तिचं वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं. मला तिचं चांगलं व्हायला नको होतं, एवढंच. मी घरात गेले, तिचं दूध मोरीत ओतलं आणि त्या बाटलीत माझ्या डांगीचं भरलं. बेत सगळा तयार होता. निकाल लागेल, सात नंबरचं दूध गावात पहिलं येईल, सगळे टाळ्या वाजवतील, जोस्ना उठून उभी राहील. आणि मग मी उठेन. म्हणेन, बसा जोस्नाबाई, ते दूध माझ्या गायीचं आहे, देवाशपथ सांगते. एका गायीवाल्या विमलबाईनं आठ गायीवालीला कसं खाली बसवलं ते सगळ्या वाडीनं बघावं, अशी माझी हौस. केंद्राकडं जाताना मी वाटेत दोनदा हसले.

आठ दिवसांनी, शनिवारी, निकाल सांगायला मॅडम आल्या. मी नवी साडी नेसून गेले होते. मॅडम म्हणाल्या, "मी कुणाचं नाव घेणार नाही, फक्त नंबर सांगणार आहे, ज्याचा त्यानं ओळखावा." आता आमच्या गावात दहा बाटल्या कुणी कुणी नेल्या ते शेंबडं पोरही सांगेल, पण शिकलेल्या माणसांना असं वाटतं. त्यांनी एकेक नंबर घेतला. फॅट किती, पाणी किती, औषधाचा अंश आहे का नाही. एकाच्या दुधात गायीला दिलेल्या इंजेक्शनचं औषध उतरलं होतं, एकाच्या पेंडीवरच्या बुरशीचं विष. मग म्हणाल्या, "सात नंबर. फॅट चार पॉइंट नऊ. सगळ्या गावात सर्वांत चांगली."

माझ्या छातीत असं काही भरून आलं की बस. मी उठलेच. अर्धी उभी राहिले, पदर सारखा केला, तोंड उघडलं.

"पण," मॅडम म्हणाल्या, "हीच बाटली एकटी रोगाची निघाली."

मी खाली बसले.

त्यांनी काचेची एक नळी वर धरून दाखवली. दुधात एक रंगीत औषध घालतात. दूध चांगलं असलं तर रंग सगळीकडं पसरलेला राहतो. रोग असला तर रंग वर चढतो आणि सायीचं निळं कडं धरतो. त्या नळीत वरती बोटभर निळं कडं होतं. ते माझ्या गायीचं होतं. ह्या रोगात गाय गाभडते, मॅडम सांगत होत्या. कच्च्या दुधातून, गाभडलेल्या गायीची वार हातानं काढली तर त्यातून, तो माणसाला लागतो. संध्याकाळी ताप चढतो, सकाळी उतरतो, सांधे धरतात, लोक वय झालं म्हणून सोडून देतात. आणि मग म्हणाल्या, "घरात गरोदर बाई असेल तर फार जपायला पाहिजे. पोटातलं मूल जाऊ शकतं. लवकर कळलं तर औषधानं बरं होतं, उशीर झाला तर सांगता येत नाही."

सायलीचा पेला डोळ्यासमोर आला. तेव्हाच उठून सांगायला पाहिजे होतं. मघाशी कौतुकासाठी उठत होते ना, मग आता का नाही? पण सगळं गाव बसलेलं. काय सांगणार, मी जावेची बाटली बदलली? जोस्नानं मान वळवून माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, बिचारी आधार शोधतेय. मी नजर फिरवली.

घरी आले ती सरळ सायलीकडं. म्हटलं, "उद्यापासून दूध उकळून देत जाईन गं."

ती म्हणाली, "नकोच मला दूध. आता वास येतो."

मला केवढं बरं वाटलं. म्हटलं, सुटले. ती पीत नाही म्हटल्यावर सांगायचं काय उरलं? गायीचं दूध मी मोरीत ओतायला लागले, मालकांना सांगितलं की आटलंय. मालक म्हणाले, एवढ्यात कसं आटलं, बाजार दाखवू का तिला? मी नको म्हटलं. उघड्या डोळ्यांनी दुसऱ्याच्या घरात रोग घालायचा, एवढी मी गेलेली नव्हते. पण महिनाभर पोरीच्या पोटात गेलं त्याचं काय, हा विचार आला की मी पटकन दुसरं काम काढायचे.

इकडं सहादूनं जोस्नाचं दूध बंद केलं. फेरतपासणी होईपर्यंत केंद्रात घ्यायचं नाही. रविवारी सकाळी ती कॅन घेऊन उकिरड्यावर गेली आणि ओतला. मी दारात उभी होते. पहिला कॅन ओतला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिची एक तरी गोष्ट मातीत गेलेली बघितली. दुसरा ओतला तेव्हा तेवढं वाटलं नाही. तिसऱ्याला ती थोडी थांबली, कॅनच्या कडेला हात टेकून, आणि मी घरात गेले.

एवढ्यावर गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण गिरणीत सखुबाईनं विचारलं, "काय गं विमल, तुझ्या जावेच्या गोठ्यात म्हणे रोग निघाला?" आणि मी म्हणाले, "काय सांगू बाई, वरून सगळं चकचकीत दिसतं." माझ्याच तोंडानं. दळण घेऊन घरी येताना मला माझीच लाज वाटत होती, आणि त्याच वेळी सखुबाईनं मान डोलावली होती ते आठवून गोडही वाटत होतं. माणसाच्या मनात दोन्ही एकदम कसं मावतं, देव जाणे.

सोमवारी जोस्नानं स्कूटी काढली आणि सायलीला म्हणाली, "चल, निफाडला जाऊन येऊ." सायली तयार होऊनच बसली होती. मी विचारलं, कशाला? तर म्हणे सोनोग्राफी. माझा नुसता संताप झाला. बाळंतपण माझ्या दारात आणि सोनोग्राफीला काकू. मला साधं विचारलंही नाही. दोन तासांनी आल्या तेव्हा मी अंगणातच होते. जोस्ना गोठ्यात गेली तशी मी सायलीला धरलं.

"तिच्या गोठ्यात रोग निघालाय, ठावं हाय ना? तिच्या घरचं काय खायचं नाय, प्यायचं नाय. लय चिकटू नको तिला."

सायली माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आई, तुला काही सांगायचंय का मला?"

"मला काय सांगायचं असणार?"

"काही नाही मग," ती म्हणाली आणि आत जाऊन पडली.

मंगळवार गेला, बुधवार गेला. मी रोज उठून ठरवायचे की आज सांगायचं. जोस्नाला नाही तर निदान मॅडमना सांगायचं, फोन करून, गुपचूप. सहादूकडून नंबर पण घेतला. पण फोन हातात घेतला की डोळ्यासमोर यायचं की हे उद्या गावभर होणार, आणि जोस्ना काही बोलणार नाही, नुसती बघेल, आणि लोक तिला खुर्ची देतील. तिच्या त्या खुर्चीपायी मी माझ्या पोरीचा जीव टांगून ठेवला होता. हे आज एवढं सरळ सांगते, तेव्हा मनाला असं म्हणू दिलं नाही.

बुधवारी दिवेलागणीला सायली म्हणाली, "आई, गोधडी दे गं, थंडी वाजतेय." बाहेर उकडत होतं. कपाळाला हात लावला तर चटका. ती गोधडीत गुरफटून, दोन्ही हात पोटावर ठेवून पडली. हा ताप मला ओळखीचा होता. सकाळी उतरला, जसा माझा उतरायचा. त्या उतरलेल्या तापानं मला चढलेल्या तापापेक्षा जास्त भ्यायला झालं. मी चहासुद्धा न घेता अंगण ओलांडलं.

जोस्नाच्या गोठ्यात मॅडम आलेल्याच होत्या, आठही गायींचं रक्त घ्यायला. सहादू नळ्या धरून उभा. जोस्ना एका गायीचं दावं आवळून तिची मान धरून होती. मी दारात उभी राहिले आणि सांगून टाकलं. थांबले असते तर परत गेले असते.

"मॅडम, हिच्या गायी सोडा. त्या बाटलीत हिचं दूध नव्हतंच. हिनं माझ्याकडं बाटली दिली, ती मी ओतली आन् माझ्या गायीचं भरलं. मागच्या साली माझी गाय गाभडली होती. ते कच्चं दूध मी महिनाभर माझ्या गरोदर पोरीला पाजलंय. तिला काल ताप आलाय. माझं काय करायचं ते करा, पण आधी माझ्या लेकीचं रक्त तपासा."

सहादूच्या हातातली नळी खाली पडली. मी जोस्नाकडं बघितलं नाही, मॅडमकडंच बघत होते. मॅडमच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं वाटलं होतं. त्या गोंधळल्या होत्या.

"सायलीचं रक्त?" त्या म्हणाल्या. "ते सोमवारीच दिलंय की. रिपोर्ट काल आला. तुम्हाला माहीत नाही?"

मला पुढचं नीट ऐकूच येईना. त्यांनी परत सांगितलं. रोग आहे, पण सुरुवातीचा आहे. निफाडच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, गोळ्या आजपासून सुरू. बाळाचे ठोके चांगले आहेत. वेळेत कळलं, नाहीतर ह्या महिन्यात अवघड होतं. "तुमच्या जाऊबाईच तिला निफाडला माझ्याकडं घेऊन आल्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "म्हणाल्या, पुतणी घरच्या गायीचं कच्चं दूध पिते, मला शंका येते. तुमच्या गायीचं रक्तही आज घ्यायचंच होतं. बाटलीचं मात्र मला त्यांनी काही सांगितलं नाही."

म्हणजे माझ्या सांगण्यावाचून काहीच अडलं नव्हतं. पोरगी वाचवून झाली होती. मी सगळ्या अब्रूचं गाठोडं उचलून आणलं होतं आणि ते कुणाला नको होतं.

मी जोस्नाला विचारलं, "तुला कधी कळलं?"

ती दावं सोडत म्हणाली, "फॅट ऐकली तेव्हाच. माझ्या गायी कधी पावणेचारच्या वर गेल्यात का, आक्का? ह्या अंगणात चार नऊ फॅटची गाय एकच हाय."

"मग तिथंच बोलली का नाहीस? पाच दिवस दूध ओतत बसलीस. लोक काय काय बोलले तुला."

"ऐकलं मी. गिरणीतलं पण ऐकलं."

मी मान खाली घातली.

"मी त्याच दिवशी बोलणार होते," ती म्हणाली. "लय राग आला होता. घरी आले, तुम्ही मागं होतात, सायली ओट्यावर भेटली. तिला म्हटलं, आधी ते दूध बंद कर, आन् तुझ्या आईला मी आता बघतेच. तर पोरगी रडायला लागली. म्हणाली, काकू, तू नको बोलू, माझ्यासाठी तरी आई आपण होऊन सांगेल. शपथ घातली मला पोटातल्या बाळाची. रोज विचारायची. आई आली होती का गं बोलायला? मी म्हणायचे, येईल."

मला वाटलं होतं, ती मला फाडून खाईल. तेही बरं झालं असतं. पण ती तशीच उभी होती, शेणानं भरलेल्या हातांनी, आणि मला इतकी वर्षं जिचं काही बघवलं नाही ती माझ्या पोरीला माझ्याविषयी येईल म्हणून सांगत होती. आणि खरं सांगू? मला तेव्हाही तिचा हेवा वाटला. माझ्या लेकीचा जीव वाचवला तो हिनं. ते तरी मला करू द्यायचं होतं.

मी घरी आले. सायली ओट्यावर बसली होती, मांडीवर गोळ्यांचं पाकीट, जोस्नानं सकाळीच आणून दिलेलं असणार. गोठ्यातलं बोलणं तिला तिथंपर्यंत ऐकू गेलं असणार.

"सांगितलंस?" ती म्हणाली.

"सांगितलं."

"पाच दिवस लागले, आई."

मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, चुकलं माझं. म्हटलं, तुला काही झालं असतं तर मी जीव दिला असता. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

"मी पहिल्या दिवशी म्हटलं, आई आज सांगेल," ती म्हणाली. "सोमवारी तुला सरळ विचारलंसुद्धा. तुझ्यासमोर मी बसलेय, पोटात बाळ हाय, आन् तू मला काकूच्या घरचं खाऊ नको म्हणालीस."

मग तिनं पाकीट बाजूला ठेवलं. "आई, रागावू नको. पण बाळंतपणापर्यंत मी काकूकडं राहू का?"

माहेरी आलेली लेक, ओटी भरून आणलेली. गावात काय सांगणार मी? समोरासमोर दारं, आणि पोरगी आईच्या घरातून उठून काकूच्या घरात. तोंडापर्यंत आलं होतं की काय तोंड दाखवू लोकांना. पण ह्याच लोकांपायी पाच दिवस गेले होते.

"इथं राहिले तर मला तुझा राग येत राहील," ती म्हणाली. "मला आत्ता राग नकोय अंगात."

"राहा," मी म्हटलं.

मीच तिची बॅग भरली. साड्या, टॉवेल, डॉक्टरांची फाइल, बाळासाठी शिवलेली झबली. झबल्यांना हात लावताना थोडा वेळ गेला. मग एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातानं तिला धरून मी अंगण ओलांडलं. सखुबाई रस्त्यानं चालली होती, ती थांबून बघायला लागली. मी तिला बघू दिलं.

जोस्ना हात धुऊन दारात आली. सायली आत गेली, खिडकीपाशी खाट होती तिच्यावर बसली, आणि तिनं पाय वर घेतले, जसे पोरी आईच्या घरी घेतात. मी उंबऱ्याबाहेरच होते. बॅग जोस्नाच्या हातात द्यायची होती आणि माझी बोटं सुटेनात.

"माझी पोर सांभाळ," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत तिच्याकडं मी पहिल्यांदाच काही मागितलं. तिनं हो म्हटलं आणि बॅग घेतली.